शेऱ्याचा रकाना

जाकार्ता
५ ऑगस्ट २०२४

लाडक्या गेक,

फोनवर तू मला दोन वाक्यांत उडवून लावलंस, म्हणून लिहितेय. लिहिलेलं काहीही तू शेवटपर्यंत वाचतेस. तुझा हा एकच कच्चा दुवा मला लहानपणापासून माहीत आहे.

आमच्या कंपनीचं 'रुम्पुन' आता बाहेर पडतंय. खास सेवाभावी संस्थांसाठी बनवलेला डेटाबेस. तुमच्या संस्थेचं ते जुनं प्रकरण मी गेल्या वर्षी पाहिलं होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि दर पाच मिनिटांनी 'थांबा' म्हणणारं ते घड्याळ! कुत्रा चावल्याचं दुखणं कमी म्हणून त्या बिचाऱ्यांना तुम्ही आणखी त्यात कोंबता? आमच्याकडे एका माणसाचं सगळं एका पानावर दिसतं. निरोप आपोआप जातात. तुमच्या त्या चार बायका सकाळभर फोनला चिकटून असतात, त्यांना दुसरं काहीतरी चांगलं काम देता येईल.

सध्या बीटा आहे, म्हणून वर्षभर फुकट. सात संस्था आधीच वापरतायत. तुमच्या संस्थेच्या प्रमुख, इबू स्रियानी, मला सिंगापूरच्या परिषदेत भेटल्या, त्या तर हरखूनच गेल्या. म्हणाल्या, "आमची काडेक हो म्हणाली की झालं. तांत्रिक बाबतीत सही तिचीच लागते."

तर सगळं तुझ्या सहीवर अडलंय, बाईसाहेब. थोरल्या चुलत बहिणीसाठी एक सही.

आणि माझ्या बापाला भेटलीस तर विचार, मी आणलेलं ते ठिपक्याचं पिल्लू, आमचा बेलांग, आता केवढा झाला? बापा फोनवर स्वतःपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोलतो.

तुझी,
रस्मिनी


अम्लापुरा
९ ऑगस्ट २०२४

म्बोक,

शेवटपर्यंत वाचलं. या विषयातलं सगळं लेखी असलेलं बरं, म्हणून उत्तरही लिहूनच देते.

बीटा म्हणजे काय ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. मी सांगते. ज्यातल्या चुका बनवणाऱ्यांना अजून सापडल्या नाहीत, आणि त्या गिऱ्हाइकानं स्वतःच्या वेळात, स्वतःच्या जिवावर शोधून द्याव्यात अशी ज्यांची अपेक्षा आहे, तो माल म्हणजे बीटा. फुकट आहे यात उपकार नाही. चाचणी करणाऱ्याला खरं तर पगार द्यायचा असतो.

देणगीदारांचे पत्ते ठेवणाऱ्या संस्थेत चूक झाली, तर एखाद्या श्रीमंत बाईला आभाराचं पत्र दोनदा जातं. आमच्याकडे काय होतं ते तुला माहीत आहे, तुझ्या साहेबांना नसेल. पुढचा परिच्छेद त्यांना वाचून दाखव.

कुत्रा चावलेला माणूस दवाखान्यात येतो आणि पहिल्या दिवशी दोन सुया घेतो. आठवड्यानं एक, त्यानंतर दोन आठवड्यांनी शेवटची. पहिल्या दिवशी तो घाबरलेला असतो, म्हणून स्वतः येतो. आठवड्यानं जखम भरलेली असते, भात कापायला आलेला असतो, देवळात काम निघालेलं असतं. तो येत नाही. आमच्या चार बायका त्याला फोन करतात, म्हणून येतो. इतक्या वर्षांत आम्ही या जिल्ह्याला एकच गोष्ट शिकवली आहे: तुम्ही तारीख लक्षात ठेवू नका, आम्ही फोन करू. लोक ती नीट शिकलेत. फोन आला नाही, म्हणजे त्यांच्या मते काम संपलं. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की मग दवाखान्यात देण्यासारखं काही उरत नाही.

जुन्या यंत्राबद्दल तुझं बरोबर आहे. ते कुरूप आहे, मंद आहे, आणि ज्यानं बनवलं तो आता पर्थला बेकरी चालवतो. पण आजवर त्यानं फोन चुकवलेला नाही.

चाचणी मी करीन. खऱ्या रुग्णांची माहिती मिळणार नाही. रुग्णाचं नाव संस्थेबाहेर जात नाही, बहिणीकडेही नाही. खोटी माणसं बनवून त्यांच्यावर चाचणी होईल. सहीचा विचार त्यानंतर.

बेलांगला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो माझी उजवी चप्पल खात होता. यावरून आकाराचा अंदाज कर.

काडेक


जाकार्ता
१४ ऑगस्ट २०२४

गेक,

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही मुलगी आपल्याकडे नोकरीला का नाही?" मी म्हटलं, ती आली तर आपल्यातलं कोणी उरणार नाही.

चाचणीची सोय केली आहे, कर मनसोक्त. एक गंमत सांगते. तुमच्या इबूंनी जुन्या यंत्राचा एक रिकामा पडदा आम्हाला नमुना म्हणून पाठवला, नुसते रकाने, नावं नाहीत, घाबरू नकोस. त्यात शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना. आमच्या मुलांनी विचारलं, यात काय लिहितात? इबू म्हणाल्या, "अमक्याचा बाप, तमकीची आई, कडेच्या घरातला, बोकड पाळणारा." सगळं ऑफिस हसलं गं! मलाच ओशाळल्यासारखं झालं. गावात म्हाताऱ्यांना पोराच्या नावानं हाक मारतात ते ठीक, पण डेटाबेसमध्ये? तो रकाना आम्ही काढून टाकलाय. त्याच्या जागी आमचं सगळ्यात भारी काम आहे. एक माणूस, एक नोंद. नाव, जन्मतारीख, गाव, फोन जुळले की रुम्पुन स्वतःच ओळखतं की या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, आणि गुपचूप एकत्र करतं. बोटही उचलावं लागत नाही.

हे बघून तरी खूश होशील ना? तुला नीटनेटकं आवडतं.

रस्मिनी


अम्लापुरा
२८ ऑगस्ट २०२४

म्बोक,

चाचणी झाली. चाळीस खोटी माणसं बनवली. आपल्याच वरच्या वाड्यांत असतात तशी, फक्त खरी नाहीत. रुम्पुनमध्ये भरली आणि चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा तेवीस उरली होती.

बाकीची सतरा तुमच्या सगळ्यात भारी कामानं खाल्ली.

का, ते लिहिते. तुमच्या मुलांना हसण्यातून सवड मिळाली की दाखव.

नाव. आपल्याकडे बालीत पहिलं पोर वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं तर पुन्हा वायान. त्यापुढे एखादं छोटंसं नाव. म्हाताऱ्या पिढीत तीही पाचसातच. एका वाडीत एकाच नावाचे तीन पुरुष सापडले नाहीत तर मला आश्चर्य वाटतं.

जन्मतारीख. वाढदिवस आपण आपल्या पंचांगानं करतो, इंग्रजी तारीख जुन्या माणसांना माहीत नाही. ओळखपत्र काढताना कारकून विचारतो, म्हातारा हसतो, कारकून ३१ डिसेंबर लिहितो. सालही तोच ठरवतो, चेहरा बघून.

फोन. म्हाताऱ्यांकडे फोन नसतो, असला तर नातवाच्या हातात असतो. म्हणून सगळे वाडीप्रमुखाचा नंबर देतात. निरोप घरी पोचवणं हे त्याचं कामच आहे.

आता तूच जुळव. नाव तेच, तारीख तीच, गाव तेच, फोन तोच. तुमच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: 'खात्री १००'. इतक्या आत्मविश्वासानं चुकलेलं यंत्र मी याआधी पाहिलं नव्हतं. ही माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात ती ज्या एका रकान्यामुळे, तोच तुम्ही हसून काढून टाकलात.

दोन अटी आहेत. शेऱ्याचा रकाना परत. आपोआप एकत्र करणं बंद, आणि ते बंद ठेवायचं बटण आमच्या हातात. तोवर सही नाही.

काडेक


जाकार्ता
२ सप्टेंबर २०२४

गेक,

तू बनवलेली माणसं खोटी, म्हणून निकालही खोटा. असं मी नाही, आमचे मुख्य अभियंते म्हणतात. त्यांच्या मते तू मुद्दाम सगळ्यात वाईट नमुना निवडलास. सुराबायाच्या खऱ्या यादीवर रुम्पुननं एकही चूक केली नव्हती. तुझ्या दोन्ही अटी पुढच्या आवृत्तीच्या यादीत घातल्यात. कोणी नाही म्हटलेलं नाही.

आता बहीण म्हणून लिहिते, हे साहेबांना वाचून दाखवणार नाही. आमच्याकडे पैसे घालणारे लोक महिन्याअखेर येतायत. त्यांना एक चालू असलेली संस्था दाखवायची आहे. दाखवली नाही, तर आमच्या खोलीतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील आणि त्यात माझी पहिली असेल. अकरा वर्षं या शहरात भाड्याच्या खोल्या बदलत काढली मी. परत येऊन बापाच्या अंगणात बसले, तर सगळी वाडी विचारील, काय गं, जाकार्तानं हाकललं का?

गालुंगानच्या सणाला येणं जमणार नाही. याच गडबडीमुळे. नैवेद्याचं माझ्या वाटचं तूच कर.

सही कर ना गं.

रस्मिनी


अम्लापुरा
१८ सप्टेंबर २०२४

म्बोक,

तू ज्या सात संस्थांची नावं इबूंना दिलीस, त्यांना मी फोन केले. तिघांनी रुम्पुन हे नाव ऐकलेलं नव्हतं. एकीनं विचारलं, ते भात कांडायचं यंत्र का? दोघींनी परिषदेत चहा पिताना 'बघू' म्हटलं होतं. सातवी संस्था तुझ्या साहेबांच्या बायकोची आहे आणि तिथे तीन मांजरं आहेत.

त्यानंतर मी तुमच्या कंपनीचं पान उघडलं. तिथे इबूंचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय: 'बालीतले जीव आता रुम्पुनच्या हाती.' तारीख २ सप्टेंबर. म्हणजे तू मला 'सही कर ना गं' लिहीत होतीस, त्याच दिवशी मी न केलेली सही तुम्ही जगाला दाखवत होतात.

यावर मी काही म्हणत नाही. फक्त नोंद करते.

माझा नकार आज इबूंना लेखी दिला. त्यांनी वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "काडेक, तू सगळ्यात खोट काढतेस. देणगीदार विचारतात, तुम्ही अजून काळ्या पडद्यावर का? मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, आमची माणसं जिवंत आहेत." त्या म्हणाल्या, "असं उत्तर अहवालात शोभत नाही."

शनिवारपासून गालुंगानच्या रजेवर गावी जातेय. परत येईपर्यंत काही बदलायचं नाही, असं इबूंनी कबूल केलंय. तोंडी. मी लेखी मागितलं तेव्हा त्या दुखावल्या.

तुझ्या वाटचा नैवेद्य करीन.

काडेक


जाकार्ता
२१ सप्टेंबर २०२४

गेक, गेक, गेक,

रागावू नकोस. आधी वाच, मग राग.

काल संध्याकाळी इबूंनी स्वतः फोन करून रुम्पुन चालू करायला सांगितलं. मी आग्रह केला नाही, देवाशपथ. (थोडा केला.) आमच्या मुलांनी रात्रीतून तुमची सगळी माहिती आत घेतली. आणि ऐक: तुमच्या नोंदींमधल्या अठरा टक्के दुबार निघाल्या, अठरा! इबूंचा विश्वासच बसेना. लगेच देणगीदारांना कळवलं, त्यांच्याकडून अभिनंदनही आलं. इतकी वर्षं तुम्ही अठरा टक्के हवेला फोन करत होतात, बाईसाहेब!

पैसेवाले खूश आहेत. माझी खुर्ची शाबूत आहे. तू माझा जीव वाचवलास, तुझी इच्छा नसताना का होईना.

काल बापाशी बोलले. सणाला दारात उभारायच्या पेन्जोरचा बांबू तासताना हाताला लागलंय म्हणे, पट्टी बांधलीय. आवाज जरा पडलेला वाटला. बेलांगचं विचारलं तर म्हणाला, "आहे इकडेतिकडे." तू गावीच आहेस, तर त्याचा हात बघ आणि दटाव. या वयात कोयता कशाला हातात घ्यायचा?

गालुंगानच्या शुभेच्छा! लावार माझ्या वाटचा पण खा.

रस्मिनी


अम्लापुरा
३० सप्टेंबर २०२४

म्बोक,

आज सकाळी रजेवरून आले, तेव्हा तुझं पत्र टेबलावर पडलेलं होतं. आधी घडलं ते क्रमानं लिहिते, मत शेवटी.

रजेवर जाताना मी जुनं यंत्र बंद केलं नव्हतं. माझ्या टेबलाखाली ते एकटंच चालू होतं, नव्या नोंदीही संस्थेतल्या एका बाईनं सवयीनं दोन्हीकडे भरल्या होत्या. इबूंना हे माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना ते कुरूप दिसलं नाही. आज त्याला विचारलं, गेल्या आठवड्यात कोणाकोणाला फोन जायला हवे होते? त्यानं अकरा जण सांगितले. रुम्पुनच्या हिशेबी आठ होते आणि आठांनाही निरोप गेले होते, वेळेवर, खाली तुमच्या हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रासकट.

उरलेल्या तिघांपैकी एक बाई तिच्याच जावेत मिसळली होती. ती भित्री आहे, न बोलावता आली होती. दुसरा एक मुलगा आजोबांमध्ये मिसळला होता, त्याची जन्मतारीख कोणी भरलीच नव्हती. त्याच्या आईला फोन केला, ती दुपारी घेऊन आली.

तिसरा मेलेला होता.

वरच्या एका वाडीतला माणूस. त्याच वाडीत त्याच नावाचा दुसरा एक होता, तो दोन वर्षांपूर्वी वारला, म्हातारपणानं. त्यालाही कधीतरी कुत्रा चावला होता, म्हणून आमच्याकडे त्याची नोंद होती. तुमच्या यंत्रानं दोघांना जोडलं, नव्या सुया जुन्या मरणाला लावल्या, आणि नावापुढे ते राखाडी चाफ्याचं फूल ठेवलं. मेलेल्यांसाठी तुमच्याकडे खास फूल आहे, हे मला आज कळलं. छान काढलंय. ते ज्यानं काढलं त्यानं शेऱ्याचा रकाना काढायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ घेतला असणार.

वाडीप्रमुखाला फोन करण्यात वेळ घालवला नाही, स्कूटर काढली. मेलेला माणूस अंगणात नारळाच्या झावळ्या विणत होता. हात सुजलेला. मी विचारलं, "दुसऱ्या खेपेला का आला नाहीत?" तो म्हणाला, "फोन आला नाही. म्हटलं, बरा झालो असणार." मी विचारलं, "कुत्रा कुठे आहे?" त्यानं मान खाली घातली. कुत्रा चावल्यानंतर चौथ्या दिवशी मेला होता. लाळ गळत होती, पाणी पीत नव्हता, हे त्यानं सांगितलं ते मी दुसऱ्यांदा विचारल्यावर. आधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर कुत्र्याला मारून टाकतील, म्हणून.

स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात आणलं. सुई दिली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण संधी आहे. शेवटची सुई दोन आठवड्यांनी. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस आम्ही फक्त वाट बघू शकतो.

आता मत. तुमच्या अठरा टक्क्यांत अशी किती माणसं आहेत हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. आणि तुमच्यातल्या कोणाला ते कळून घ्यायचंय, असं मला दिसत नाही. तुमच्या खोलीत हुशार लोक पुष्कळ असतील. हुशारी ही माणसानं कुठल्या प्रश्नावर हसावं ते ठरवण्यासाठीही वापरता येते, एवढं त्यांना सांग.

रुम्पुन मी दुपारी बंद केलं. इबूंनी अडवलं नाही.

काकांच्या हाताबद्दल विचारलं होतंस. पाहिला. त्यांना तू स्वतः विचार. एकदा विचारून थांबू नकोस.

काडेक


जाकार्ता
२ ऑक्टोबर २०२४

गेक,

तू जे करून ठेवलंयस त्यानं इथे केवढा गोंधळ झालाय याची तुला कल्पना नाही. पैसेवाले परत प्रश्न विचारायला लागलेत.

तू मला पत्रातून चापट मारतेस, मारून घेते, लहानपणापासून घेतेय. पण जरा थंड डोक्यानं बघ. हजारो नोंदी. त्यातला एक माणूस. एक! आणि तोही तुझ्याच शब्दांत अंगणात बसून झावळ्या विणत होता. आमच्या भाषेत याला अपवाद म्हणतात. प्रत्येक नव्या गोष्टीत अपवाद निघतात, ते यादीत घालतात, पुढच्या आवृत्तीत सुधारतात. एका म्हाताऱ्यासाठी सगळं काम बंद पाडायचं का? आणि खरं सांगायचं तर त्याचीही काही जबाबदारी आहे की नाही? आपल्याला कुत्रा चावलाय, सुई घ्यायची तारीख आहे, एवढं लक्षात ठेवता येत नाही? कुत्रं मेलं तेही लपवून ठेवतो. अशा माणसाला कोणतं यंत्र वाचवणार?

एकच विनंती. देणगीदारांना लेखी तक्रार पाठवू नकोस. मी पाया पडते. तोंडी काय ते बोलू. या महिन्यापुरतं.

बापाला दोनदा फोन केला, उचलला नाही. सणाच्या शेवटच्या दिवशी, कुनिंगनला, बोलेन निवांत.

रस्मिनी


जाकार्ता
७ ऑक्टोबर २०२४

काडेक,

परवा कुनिंगनला बापानं स्वतः फोन केला. नैवेद्य झाला, म्हणाला, आता खोटं बोलवत नाही. बांबू नव्हता. बेलांग होता.

हसत होता. "तुझ्या कंपनीनं मला मारलं," म्हणाला, "आणि काडेकनं स्कूटरवर घालून परत आणलं. माझ्या नावापुढे फूल होतं म्हणे, चाफ्याचं. कोणी आजवर एवढा मान दिला नव्हता." तो म्हणाला, "रडतेस कशाला, जिवंत आहे." मग म्हणाला, "आत्तापर्यंत तरी."

पिल्लू मी आणलं होतं. त्याला टोचून आणायचं राहून गेलं, तेही माझ्याचकडून.

तुला माहीत होतं. तू त्या अंगणात उभी होतीस. 'वरच्या एका वाडीतला माणूस' लिहिलंस, कोणी परका असावा तसं. मी 'एक म्हातारा' लिहिलं. 'अशा माणसाला कोणतं यंत्र वाचवणार' लिहिलं. तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि गप्प बसलीस. काय मिळालं तुला? माझी अक्कल किती ते मोजायचं होतं का? एक ओळ लिहायची होतीस. एक शब्द. 'बापा'.

आज सकाळी बैठक होती. मी उठून सांगितलं, तो अपवाद माझा बाप आहे. साहेब म्हणाले, "रस्मिनी, ही भावनिक बाब झाली, आपण आकड्यांकडे बघू." मुख्य अभियंत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपणहून आपोआप जोडणं बंद केलं, सगळ्यांच्या समोर. मला तुमच्या संस्थेच्या कामातून काढलंय. खुर्ची अजून आहे. किती दिवस ते विचारलं नाही.

शेऱ्याचा रकाना परत घातलाय. आता तरी घ्याल का रुम्पुन? साहेबांनी विचारायला सांगितलंय, म्हणून विचारते. मला वाटतं घेऊ नका.

शेवटच्या सुईला बापासोबत कोण जाणार?

रस्मिनी


अम्लापुरा
१५ ऑक्टोबर २०२४

म्बोक,

उत्तराला आठवडा लावला. काल शेवटची सुई होती, ती झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी संस्थेचं. इबूंच्या पुढे मी तुमची दुरुस्त आवृत्ती ठेवली आणि शिफारस लिहिली: नको. रकाना परत आला ही चांगली गोष्ट आहे. पण तो परत येण्यासाठी एक माणूस मरायला टेकावा लागला, आणि त्याची मुलगी योगायोगानं तुमच्या बैठकीत असावी लागली. पुढच्या चुकीच्या वेळी तुमच्या खोलीत कोणाची मुलगी असेल, याची हमी तुमच्याकडे नाही. दोन वर्षं दुसरीकडे कुठे चालवा, मांजरांच्या संस्थेत चालवा. मग बघू. इबूंनी सही केली. देणगीदारांना काय सांगू, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही. मीच लेखी कळवलं. तुझी विनंती वाचली होती.

आता तू विचारलंस ते.

रुग्णाचं नाव बाहेर जात नाही, हा नियम मी तुला ऑगस्टमध्येच लिहिला होता. काकांनी मला सांगितलं होतं, "रस्मिनीला कळवू नकोस, तिच्या नोकरीचे दिवस आहेत." ते सांगण्याचा हक्क त्यांचा. मी तुला त्यांना विचारायला सांगितलं, दोनदा विचार असंही सांगितलं. त्यापलीकडे जाता येत नव्हतं.

पण हे अर्धं उत्तर झालं, आणि अर्धं उत्तर तुझ्या कंपनीला शोभतं. नियम नसता तरी मी नाव लिहिलं नसतं. लिहिलं असतं तर तू त्याच दुपारी फोन करून एका माणसाची नोंद नीट करून घेतली असतीस. बाकीचे अपवादच राहिले असते. मला तू एका परक्या म्हाताऱ्यासाठी उठून उभी राहायला हवी होतीस. तू राहिली नाहीस. मला वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. आणि मी त्याच अंगणात गालुंगानचा लावार खाल्ला, काकांच्या हाताची पट्टी बघितली, बेलांग दिसत नाही हेही बघितलं, आणि बांबूवर विश्वास ठेवला. तेव्हा तुझ्यावर हसण्यात मी फार पुढे जात नाही.

काल काकांसोबत मीच गेले. डॉक्टर म्हणाले, अजून काही आठवडे लक्ष ठेवा, पण चिन्हं बरी आहेत. हाताची सूज उतरलीय. नवं पिल्लू हवंय असं म्हणाले. मी म्हटलं, आधी त्याला सुई, मग घरात.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात काल गर्दी होती. नर्सनं दारातून पुकारलं, "वायान राई!" आणि तिघे उठून उभे राहिले. तिघेही पांढऱ्या केसांचे, तिघांच्याही ओळखपत्रावर ३१ डिसेंबर. नर्स वैतागली. "अहो, यातला कोणता?"

काका म्हणाले, "रस्मिनीचा बाप."

बाकीचे दोघे खाली बसले.

काडेक